आधी पेठ, मग रेल्वे

माझे बालपण जुन्या हुबळीत गेले. रेल्वे कारखान्याच्या भोंग्यावर घरातली कामे चालत. "हुबळी म्हणजे रेल्वेचे गाव" असे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगत असू. पुढे कळले की हे अर्धेच खरे आहे.

अमेरिकेत खरोखरीची रेल्वेची गावे आहेत. १८५० च्या दशकात इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या वाटेवर माळरानात आधी स्टेशन आले, मग आखलेले भूखंड विकले गेले आणि नंतर वस्ती झाली. आपल्याकडे नेमके उलटे घडले.

याचे कारण भूगोलात सापडते. हुबळीच्या पूर्वेस नवलगुंद-गदगकडची काळी, कापसाची जमीन. पश्चिमेस कलघटगी-यल्लापूरचे मलनाड, सागवान आणि घाट. घाटाखाली समुद्र. पठारावरचा माल आणि किनाऱ्यावरचा माल यांची गाठ पडण्यास याहून सोयीची जागा नव्हती. म्हणूनच येथे पेठ वाढली. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने ही पेठ लुटली, तेव्हा येथे इंग्रजांची वखारही होती. गरीब गावावर कोणी स्वारी करीत नाही! १७२७ मध्ये बसप्पा शेट्टर या व्यापाऱ्याने दुर्गदबैलाच्या परिसरात नवी हुबळी वसवली, आणि भवानीशंकराच्या देवळाभोवतीचे मूळ गाव 'जुने' ठरले.

अमेरिकेचा आणखी एक धागा आहे. तेथील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा धारवाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. हा माल आरबैल घाटाने कारवार बंदराकडे जाई. पुढे १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दाखवून दिले की बैलगाडीने धान्य वेळेवर पोहोचत नाही. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. १८८५ मध्ये हुबळीत तिचा कारखाना उभा राहिला. मात्र समुद्राकडे जाणारा मार्ग लोंढा, कॅसलरॉकवरून पोर्तुगीज हद्दीतल्या मुरगावला गेला. कारवार मागे पडले. हुबळी-अंकोला मार्गाची वाट आजही पाहिली जात आहे.

तात्पर्य, पेठेने रेल्वे आणली. पण त्यापुढे कोण वाढणार आणि कोण मागे राहणार हे रुळांनी ठरवले. कारखान्यामुळे मराठी, तमिळ, तेलुगू बोलणारे कामगार कन्नड शेजारात आले आणि येथलेच झाले. आपल्या मासिकाचे दोन विभाग हे त्याच शेजाराचे रूप नव्हे काय? २००३ मध्ये हुबळी नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय झाली, तर २०२३ मध्ये येथील १५०७ मीटर लांबीचा फलाट जगातील सर्वांत लांब म्हणून गाजला. स्टेशनाला मात्र २०२० मध्ये नाव मिळाले ते श्री सिद्धारूढ स्वामीजींचे, ज्यांचा मठ जुन्या हुबळीत आहे.

त्या फलाटावर उभे राहिलो की माझ्या मनात येते, येथे पाहण्यासारखे फलाटाच्या पलीकडे आहे. विद्यार्थी मित्रांनी एका रविवारी भवानीशंकराच्या देवळापासून दुर्गदबैलमार्गे स्टेशनपर्यंत पायी यावे. गावाचा इतिहास पायाखालून जाईल.