चौदाव्या आठवड्यातला बुधवार

पहाटे ३.२०
धाकटी लगेच रडत नाही. आधी कुरकुरते, मान इकडून तिकडे करते, मूठ तोंडाकडे नेते. तेवढ्यानं मला जाग येते. दिवा लावायचा नाही. कुशीवर वळायचं, दुपटं सारायचं, तिला अंगावर घ्यायचं. सुरुवातीला ती घाईघाईनं ओढते. मग घोट लांब होतात, मधे मधे थांबते. पाऊस पत्र्यावर वाजतोय. जुलै संपत आलाय. कोल्हापूरला चिकटलेलं आमचं गाव, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं पडवी. आतल्या खोलीत सासूबाई. पलीकडं नवरा झोपलाय, आणि साडेचार वर्षांचा थोरला त्याच्या पोटावर पाय टाकून.

थोरल्याच्या वेळी उशाशी वही असायची. किती वाजता पाजलं, कोणत्या बाजूला, किती मिनिटं, सगळं लिहायचे. दूध पुरतंय का, ही एकच धास्ती. आता वही नाही. जी बाजू जड, ती आधी. लंगोट ओले होतायत, वजन वाढतंय, म्हणजे पुरतंय.

खांद्यावर घेऊन ढेकर काढली. रात्रीचा डायपर ११ रुपयांचा. तो रात्री एकच, दिवसभर लंगोट. पावसाळ्यात एखादा जास्त लागतो. तेवढं महिन्याच्या हिशेबात धरलंय.

पहाटे ५.१५
नवरा उठला. शिरोली एमआयडीसीत पहिली पाळी, सातची. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगला तो मशीनवर भोकं पाडतो. हातात २२ हजार येतात, ओव्हरटाइम मिळाला तर २५. उठल्यावर त्याचं पहिलं काम दोऱ्यांचं. पडवीत एक, आतल्या खोलीत एक, स्वयंपाकघरात वर उंचावर एक. रात्रभर टांगलेले लंगोट तो एकेक चाचपतो. वाळलेले पाटीत, दमट तिथंच, फारच ओले असतील ते स्वयंपाकघरातल्या दोरीवर. मग चहा.

त्याच्या बोटांच्या चिरांत मशीनचं काळं कायमचं बसलंय. दोनदा साबण लावतो, तरी धाकटीला उचलताना खरखरीत बोटं तिच्या गालाला लागू देत नाही. मनगटावर मान तोलतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

६.२० ला रेनकोट चढवला. जाता जाता मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून सांगितली. ३६ फूट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात हे आकडे आमच्याकडं पोरांनाही पाठ असतात. थोरला सहा महिन्यांचा असताना २०२१ चा पूर आला होता, त्यामुळं मला ते जास्तच पाठ आहेत.

सकाळी ७.३०
मावशी आली. न्हाऊ घालणारी. साठीची असेल. वडापनं येते, जाता-येता तीस रुपये तिचे तिलाच पडतात. सकाळची चार घरं करते, आमचं दुसरं. पहिला सव्वा महिना आम्हां दोघींचं करायची, तेव्हा दिवसाचे ३०० रुपये. आता फक्त बाळाचं, १५०.

पदर खोचून ती न्हाणीत भिंतीला टेकून बसते, पाय लांब करते आणि धाकटीला नडग्यांवर घेते. वाटीत कोमट खोबरेल. आधी पाय, तळव्यापासून मांडीपर्यंत. मग पोट, छाती, हात. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला. मग पालथं करून पाठ. धाकटीनं आता मान धरलीय, पालथं केलं की डोकं उचलून मोरीतल्या बादलीकडं बघत बसते. पाणी आधी मावशीच्या कोपरावर, मग बाळाच्या अंगावर. डोक्यावर ओतताना डावा तळवा कपाळाशी आडवा, थेंबसुद्धा डोळ्यांत जात नाही. दहा मिनिटांत सगळं आटोपतं. मी हे रोज बघते आणि रोज त्या हातांकडंच बघते.

थोरल्याच्या वेळी तिसरा महिना लागला आणि करोनाचे निर्बंध आले. मावशीचं येणं थांबलं. आई सांगलीहून फोनवर सांगायची, नवरा फोन धरून उभा आणि मी पाय लांब करून बसलेली. भीतीनं पोटऱ्या आखडायच्या. तेव्हाची ती शिकवणी आता कामाला येते. मावशी ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी अंघोळ चुकत नाही.

नाकात-कानात तेल घालू नका, असं सिस्टरनी सांगितलेलं. तसंच धुरीचं. मावशीला हे सांगायला मला थोडं जड गेलं, कारण तिच्या हाताखालून आख्खी गल्ली गेलीय. तिनं ऐकून घेतलं.

"बरं, कानात न्हाई घालत. धुरीबी नगं. पर टाळूवर घालनार."

टाळूवर ती घालते. गुटीची सहाण मात्र अजून फडताळातच आहे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, हे सासूबाईंनी मान्य केलंय. पण वेखंड, हळकुंड, जायफळ त्यांनी आणून ठेवलंय.

धाकटीला गुंडाळून माझ्याकडं दिलं की थोरला येऊन मावशीसमोर पाय पसरतो. "मला पण." मावशी उरलेलं तेल त्याच्या पोटऱ्यांना लावते. पाच मिनिटं. त्याचे पैसे तिनं कधी लावले नाहीत. बहीण आल्यापासून हा अधूनमधून रात्री अंथरूण ओलं करतो. गोधडीखाली प्लास्टिक घातलंय. घरात कुणी त्याला बोलत नाही.

उठताना मावशी गुडघ्यावर हात दाबून उठते. दिवसाकाठी चार वेळा असं जमिनीवरून उठायचं. मागच्या गल्लीत एकीला सातवा लागलाय, तिच्या सासूशी मावशीचं बोलणं झालंय. आमचं घर सुटेल तेव्हा ते धरायचं.

सकाळी १०.५०
आज लसीकरण. थोरल्याच्याच अंगणवाडीत. तो सासूबाईंबरोबर आधीच गेलाय. मी धाकटीला टोपडं घातलं, वर दुपटं, त्यावर छत्री. पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, दोन लंगोट, एक झबलं. झबलं थोरल्याचंच. त्याचे कपडे चार वर्षं ट्रंकेत होते, वेखंडाचे तुकडे घालून. डांबराच्या गोळ्या मुद्दामच घातल्या नव्हत्या, तान्ह्या बाळाला त्या बाधतात. यंदा कपड्यांवर जवळपास खर्चच झाला नाही.

दारातच आशाताई वही घेऊन उभी. आजच्या यादीतल्या कोण आल्या, कोण राहिल्या, ते बघतेय. एकीला फोन लावला, उचलत नाही, तशी छत्री उघडून तिच्या घराकडं निघाली. तिसऱ्या महिन्याची गृहभेट तिनं गेल्या आठवड्यात दिली. पाजण्याचं विचारलं, जंतुसंसर्गाचं विचारलं, हात धुण्याचं पुन्हा सांगितलं. अर्धा तास बसली. त्या भेटीचे तिला पन्नास रुपये. बाळंतपण दवाखान्यात झालं तर पहिल्या ४२ दिवसांत सहा भेटी, त्या सगळ्यांचे मिळून अडीचशे.

वजन. ५ किलो ८००. जन्मताना २ किलो ८००. सेविकेनं कार्डावर टिंब दिलं आणि मागच्या टिंबाला जोडलं. रेघ वर गेली.

निळ्या डब्यात बर्फाच्या पिशव्या, त्यात कुप्या. सिस्टर एकेक नाव घेऊन सांगतात. आधी तोंडातून पोलिओचे दोन थेंब, मग रोटा. ही जुलाबाची. मग उजव्या दंडाला कातडीत पोलिओचं बारीक इंजेक्शन. उजव्या मांडीला न्यूमोनियाचं. डाव्या मांडीला पेंटा. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब, पाच एकातच. न्यूमोनियाची लस थोरल्याच्या वेळी आपल्याकडं सरकारी यादीत नव्हती, २०२१ मध्येच पुढं आली. त्याला ती खासगीत दिली होती, एकेका डोसाला हजारांत पैसे मोजून. त्या महिन्यांत गाडीचा हप्ता पुढं ढकलला होता. आज इथं काही द्यायचं नाही.

मी तिचे पाय माझ्या मांड्यांत धरले. दंडाला ती दचकली. उजव्या मांडीला रडली. पेंटाला मात्र श्वासच अडकला, तोंड उघडं, आवाज नाही, आणि मग जोरात. सुई कटरमध्ये गेली. मी तिथंच भिंतीकडं वळून अंगावर घेतलं. हुंदके देत देत ती ओढायला लागली.

आतल्या खोलीतनं थोरला पळत आला. हातात खडू. त्यानं तिच्या मांडीवरचा कापूस बघितला.

"हिनं काय केलं होतं?"

"काही नाही. आजारी पडू नये म्हणून टोचलं. तुलाही टोचलंय."

"मी रडलो होतो?"

"खूप."

समाधान झालं. परत आत गेला, खिचडीची वेळ झाली होती.

अर्धा तास बसवून ठेवलं. सिस्टरनी नेहमीचं सांगितलं. ताप येईल, पेंटानं येतोच. डाव्या मांडीला सूज येईल. शेकायचं नाही, चोळायचं नाही. तापाच्या औषधाची मात्रा वजन बघून लिहून दिली. पुढची खेप नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाची. कार्ड जपून ठेवा.

दुपारी १.१५
धाकटी झोळीत. सासूबाई दोरी ओढतायत. भाकरी आणि शेपूची भाजी त्यांनी करून ठेवली होती, मी उभ्यानंच खाल्ली. मग लंगोट. पहिल्या पाण्यात नुसते खळबळायचे, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात साबण निघेपर्यंत. दोन बादल्या पाणी आणि पाऊण तास. पिळताना मनगटाला कळ येते. बाळ उचलून उचलून अंगठ्याच्या मुळाशी ती बसलीय. थोरल्याच्या वेळीही होती, अंगावरचं दूध सुटल्यावर गेली.

पाऊस असल्यावर खरी लढाई वाळवण्याची. दमट लंगोटानं एका रात्रीत मांड्या लाल होतात. म्हणून शेवटी इस्त्री. एकेक लंगोट वाफ निघेपर्यंत दाबायचा. मधेच लाइट गेली. अर्धे राहिले.

दुपारी २.३०
पतसंस्थेतून फोन. साहेब चांगल्या शब्दांतच विचारत होते, ऑक्टोबरचं ऑडिट आहे, हजर कधी होताय? रजा २६ आठवड्यांची, पहिल्या दोन मुलांना तेवढीच मिळते. बाळंतपणाआधी चार आठवडे घेतली, म्हणजे नंतर उरली बावीस. चौदा गेली. राहिली आठ. तेव्हा ती पाच महिन्यांची असेल. आईचं दूध सहा महिने.

पन्नास माणसं असली तर पाळणाघर कायद्यानं द्यावं लागतं. आम्ही चौदा आहोत. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोनदा सुट्टी मिळते, तीही कायद्यानंच. पण घर आठ किलोमीटरवर, तेवढ्या वेळात जाऊन येणं होत नाही. त्या सुट्टीत दूध काढायचं. दाराला आतून कडी असलेली खोली ऑफिसात एकच, जुन्या लेजरांची. तिथं एक खुर्ची ठेवून द्या, असं मी फोनवरच सांगून टाकलं. साहेब क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, ठेवतो.

हातपंप ९०० रुपयांना आणलाय. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास, आणि द्यायचं वाटी-चमच्यानं. सासूबाईंनी दोनदा पाजून बघितलं. अर्धं टोपड्यात गेलं. जमेल. आठ आठवडे आहेत.

दुपारी ४.१०
नवरा आला. आधी अंघोळ, मग बाळ. धाकटीचं अंग कोमट लागतंय. थर्मामीटर ९९.४. पाजत राहायचं, अंगावर कपडे कमी ठेवायचे. ती कुणाच्या खांद्यावरून उतरायला तयार नाही. त्यानं पडवीत फेऱ्या सुरू केल्या. आठ तास मशीनवर उभं राहून आलेला माणूस अजून तासभर उभा.

संध्याकाळी ६.००
ही वेळ थोरल्याची. साधारण अर्धा तास. धाकटी रडली तरी त्या वेळात मी उठत नाही, बाकीची दोघं आहेत. आम्ही पडवीच्या पायरीवर बसतो. आज त्याला पावसाच्या पाण्यात आगपेटीची होडी सोडायची होती. होडी गटारीच्या जाळीला अडकली. काठीनं काढली, परत सोडली.

धाकटीचं काम मला येतं. तिला कसं धरायचं, कधी पाजायचं, कुठलं रडणं भुकेचं आणि कुठलं वाऱ्याचं, हे हातांना माहीत आहे. यंदा नव्यानं शिकावं लागलं ते याच्याशी. चार वर्षं माझ्याजवळचा सगळा वेळ त्याचा होता आणि एका रात्रीत तो वाटला गेला, त्याला न विचारता. त्यानं भांडण काढलं असतं तर सोपं होतं. तो नुसता बघतो. मी पाजत असले की दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहतो आणि विचारतो, "अजून किती?" म्हणून हा अर्धा तास. यात फोन नाही, लंगोट नाही. पहिले काही दिवस तो दर दोन मिनिटांनी आत डोकावायचा, मी उठते की काय म्हणून. आता डोकावत नाही.

"उद्या कागदाची करू," तो म्हणाला. "आगपेटी जड होते."

रात्री ८.३०
१००.८. औषध ड्रॉपरनं गालाच्या आतल्या बाजूला, थेंब थेंब. अर्धं ओठांवर आलं, बोटानं परत आत. डाव्या मांडीवर सुपारीएवढी गाठ आलीय. तिथं हात लागला की कळवळते. म्हणून आज डाव्या कुशीवर घ्यायचं नाही.

थोरल्याला सासूबाईंनी जेवू घातलं. तो आजीजवळ झोपायला तयार झाला, स्वतःहून. प्लास्टिक आजीच्या अंथरुणाखाली घातलं.

रात्री ११.१०
९९.८. उतरतोय. लाइट मघाशी आली, राहिलेल्या लंगोटांना नवऱ्यानं इस्त्री केली. पातळी ३६ फूट ४ इंच.

पुढचा डोस लागलाच तर अडीचच्या आधी नाही, मधे सहा तास जायला हवेत. नवऱ्यानं मोबाइलवर अडीचचा गजर लावला. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला पाचला उठायचंय. मी जागीच असते."

"तू दूध बघ," तो म्हणाला. "थर्मामीटर मी बघतो. आणि सकाळी मावशीला सांग, डाव्या मांडीला तेल नको."