देणगीचे मुद्दल आणि शिष्यवृत्तीचे भवितव्य

उच्च शिक्षण घेणाऱ्या होतकरू विद्यार्थ्यांना देणग्यांतून अर्थसाहाय्य देण्याच्या दोन पद्धती भारतात शंभराहून अधिक वर्षे रूढ आहेत.

पहिली पद्धत स्थायी निधीची. यात देणगीचे मुद्दल गुंतवून केवळ व्याजातून शिष्यवृत्ती दिली जाते. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या दोन लाख रुपयांच्या देणगीतून त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. आशुतोष मुखर्जी आणि इतिहासकार जदुनाथ सरकार हे तिचे मानकरी होते.

दुसरी पद्धत कर्जरूप शिष्यवृत्तीची. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी असा निधी स्थापन केला. विद्यार्थ्याने केलेल्या परतफेडीतून पुढच्या विद्यार्थ्याची सोय होते. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांना या निधीचे साहाय्य लाभले होते.

स्थायी निधीपुढील मुख्य अडचण महागाईची असते. एक लाख रुपयांच्या ठेवीवर सहा टक्के दराने वर्षाला सहा हजार रुपये मिळतात. शिक्षणशुल्क आणि वसतिगृहाचा खर्च वाढत जातो, ही रक्कम मात्र तेवढीच राहते. परिणामी, एके काळी वर्षभराचा खर्च भागवणारी शिष्यवृत्ती कालांतराने नाममात्र पारितोषिक ठरते.

यावर दोन उपाय आहेत: व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवणे आणि माजी विद्यार्थ्यांकडून नव्या देणग्या घेऊन जुन्या निधीत भर घालणे. अन्यथा दात्याचे नाव टिकते, विद्यार्थ्याची गरज मात्र भागत नाही.