आकाशातील नाकेबंदी आणि सागरपारची बेटे

इ. स. 1963 च्या मे महिन्यात आदिस अबाबा येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेची स्थापना झाली, आणि त्यानंतर थोड्याच काळात दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना त्या खंडावरील बहुतेक आकाश बंद झाले. वर्णभेदी राजवटीला तिच्या शेजाऱ्यांनी दिलेला हा तडाखा होता. जोहान्सबर्गहून लंडनला जावयाचे विमान आता सरळ खंडावरून न जाता पश्चिमेच्या समुद्रावरून, आफ्रिकेच्या फुगवट्याला मोठा वळसा घालून जाऊ लागले. प्रवास लांबला, इंधन अधिक जळू लागले. परंतु सेवा काही थांबली नाही. कारण त्या लांबच्या वाटेवर प्रथम अंगोलातील लुआंडा होते, आणि पुढे केप व्हर्दे द्वीपसमूहातील ‘साल’ नावाचे एक रखरखीत बेट होते. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ मीठ, आणि मिठागरांपलीकडे त्या बेटाची फारशी ख्यातीही नव्हती. परंतु 1939 मध्ये इटालियनांनी तेथे एक विमानतळ बांधून ठेवला होता. लुआंडावर आणि साल बेटावर त्या वेळी पोर्तुगालचे निशाण होते, आणि पोर्तुगाल या बंदीत सामील नव्हता. अनेक राष्ट्रांनी मिळून घातलेली नाकेबंदी ही अशी एका धावपट्टीने निष्फळ केली. विशेष हे की, 1975 मध्ये केप व्हर्दे स्वतंत्र झाल्यानंतरही ही विमाने तेथे उतरतच राहिली. दरिद्री बेटाला त्या उत्पन्नावर पाणी सोडणे परवडण्यासारखे नव्हते.

उड्डाणबंदीचा विचार करताना लोकांचे लक्ष मोठमोठ्या राजधान्यांकडे जाते. वास्तविक ते जावयास हवे अशा बेटांकडे. आकाशाची मालकी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर शिकागो येथे 7 डिसेंबर 1944 रोजी झालेल्या करारात आहे. प्रत्येक राष्ट्राला आपल्या प्रदेशावरील आकाशात पूर्ण आणि अनन्य सत्ता आहे, असे त्याचे पहिले कलम सांगते. आणि दुसरे कलम ‘प्रदेश’ या शब्दात त्या राष्ट्राच्या सार्वभौमत्वाखाली, अधिराज्याखाली किंवा संरक्षणाखाली असलेली सारी भूमी व तिच्या लगतचे समुद्र यांचा समावेश करते. म्हणजे ज्याचे निशाण बेटावर, त्याचीच सत्ता बेटावरील आकाशावर. अर्थात जबाबदारीही त्याचीच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील 41 व्या कलमाने सुरक्षा परिषदेला शस्त्र न उचलता आगगाडी, जहाज, विमान, टपाल, तार आणि रेडिओ यांचे संबंध तोडण्याचा आदेश देता येतो. असा आदेश निघाला की, तो सभासद राष्ट्राच्या ताब्यातील शेवटच्या खडकापर्यंत पोहोचविणे त्या राष्ट्राला भाग असते.

येथे एक अडचण उभी राहते. न्यूयॉर्कमध्ये संमत झालेला ठराव हातात घेऊन एखाद्या बेटावरील अधिकाऱ्याला विमान अडवून ठेवता येत नाही. त्याला बेटावर लागू असलेला कायदा पाहिजे. ब्रिटनने ही सोय 1946 च्या एका छोट्याशा अधिनियमाने करून ठेवली. त्याच्या आधारे पार्लमेंटमध्ये नवा कायदा न करता, प्रिव्ही कौन्सिलमध्ये राजाज्ञा काढून सुरक्षा परिषदेचा निर्णय अमलात आणता येतो. बहुधा अशा दोन आज्ञा निघत: एक स्वदेशासाठी, दुसरी सागरपारच्या प्रदेशांसाठी. दुसऱ्या आज्ञेत लंडनच्या मंत्र्याचे काम त्या त्या प्रदेशाच्या गव्हर्नराकडे येते. परवानगी त्याने द्यावयाची, अपराधही त्याच्याच हद्दीत घडावयाचा, आणि विमानाचा चालक, ते चालविणारी कंपनी व ते भाड्याने घेणारा हे सारे त्याबद्दल जबाबदार धरले जावयाचे.

या तंत्राची मोठी परीक्षा लिबियाच्या प्रकरणात झाली. 21 डिसेंबर 1988 रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन अॅम कंपनीचे विमान स्फोटाने कोसळले आणि 270 माणसे प्राणास मुकली. त्यांपैकी अकरा गावातील होती. संशयित लिबियन इसमांना स्वाधीन करावे म्हणून सुरक्षा परिषदेने 31 मार्च 1992 रोजी 748 क्रमांकाचा ठराव संमत केला. दहा मते बाजूने पडली, विरोधात एकही नाही, पाच राष्ट्रे तटस्थ राहिली. त्या पाचांत भारत होता आणि, योगायोग पाहण्यासारखा आहे, केप व्हर्देही होते. लिबियाने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धाव घेतली. न्यायालयाने 14 एप्रिल रोजी हस्तक्षेप करण्याचे नाकारले, आणि दुसऱ्याच दिवशी बंदी सुरू झाली.

लिबियाहून आलेल्या किंवा लिबियाला जाणाऱ्या कोणत्याही विमानाला उतरू देऊ नये, उडू देऊ नये, आकाशातून जाऊही देऊ नये, असा तिचा आशय होता. भूतदयेच्या कारणास्तव परिषदेच्या निर्बंध समितीने मान्य केलेले उड्डाण तेवढे अपवाद. ब्रिटनच्या आज्ञेच्या कक्षेत सेंट हेलेना आणि पिटकेर्नही आले. सेंट हेलेनाला त्या वेळी धावपट्टीच नव्हती. तेथे नियमित विमानसेवा ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाली. पिटकेर्नला तर अजूनही बोटीनेच जावे लागते. जेथे विमान उतरूच शकत नाही तेथे विमान उतरविण्यास बंदी, हे वाचून कोणालाही हसू येईल. परंतु साल बेटाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो मसुदा करणाराला हसणार नाही.

लिबियन प्रवाशाला मात्र ही बंदी हसण्यासारखी नव्हती. परदेशी जावयाचे तर मोटारीने ट्युनिशियाची सरहद्द गाठावी, नाहीतर त्रिपोलीहून बोटीने माल्टाला जावे, असे मार्ग उरले. औषधोपचारासाठी निघालेल्या रोग्यालाही तोच रस्ता. हज यात्रेचा प्रश्न विशेष नाजूक झाला आणि 1995 मध्ये समितीने इजिप्तच्या विमानांतून यात्रेकरू नेण्यास संमती दिली. जून 1998 मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटनेने ही बंदी यापुढे जशीच्या तशी न पाळण्याचे ठरविले. 5 एप्रिल 1999 रोजी दोघे संशयित स्वाधीन झाले, तेव्हा निर्बंध स्थगित झाले. ते कायमचे उठले सप्टेंबर 2003 मध्ये.

748 क्रमांकाच्या ठरावात आणखी एक कलम होते, आणि खरी धार त्यालाच होती. लिबियाच्या विमानांना सुटे भाग पुरवू नयेत, त्यांची दुरुस्ती करू नये, त्यांना उड्डाणयोग्यतेचा दाखला देऊ नये आणि त्यांचा नवा विमा उतरू नये, असे ते सांगते. विमान यंत्रावर जितके चालते तितकेच कागदावरही चालते. नोंदणी, दाखला आणि विमा यांपैकी एक कागद काढून घेतला, तर कायदा पाळणाऱ्या कोणत्याही विमानतळावर त्याला थारा मिळत नाही. त्यासाठी लढाऊ विमाने धाडावी लागत नाहीत.

याचे प्रत्यंतर तीस वर्षांनी बर्म्यूडात आले. हे अवघे 53 चौरस किलोमीटरांचे ब्रिटिश बेट. त्याच्या आकाशातील वाहतुकीचे नियंत्रणसुद्धा न्यूयॉर्कच्या केंद्राकडून होते. परंतु त्याच्या नोंदणीपुस्तकात रशियन कंपन्या वापरीत असलेली सातशेहून अधिक विमाने होती. ती बहुतांशी परकीय मालकांकडून भाडेपट्ट्याने घेतलेली. मालकांना इंग्रजी वळणाच्या कायद्याचा भरवसा वाटे आणि भाडेकरूंना नोंदणी सोयीची पडे. देखरेखीचे काम करारान्वये रशियाकडे सोपविलेले होते. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. सुरक्षा परिषदेत रशियाला नकाराधिकार असल्यामुळे तेथून बंदी निघणे शक्यच नव्हते. ब्रिटन, युरोपीय संघ, अमेरिका यांनी आपापल्या कायद्याने ती घातली. 12 मार्च रोजी बर्म्यूडाच्या विमानखात्याने, या विमानांच्या सुरक्षिततेची खात्री आता देता येत नाही असे सांगून, त्यांचे उड्डाणयोग्यतेचे दाखले स्थगित केले. दोनच दिवसांनी रशियाने अशी विमाने स्वतःच्या नोंदणीत घेण्याची मुभा देणारा कायदा केला. शिकागो कराराच्या 18 व्या कलमाप्रमाणे एक विमान दोन राष्ट्रांत वैधपणे नोंदलेले असू शकत नाही. तरी अनेक विमाने दोन्हीकडे नोंदलेल्या अवस्थेत रशियात उडत राहिली. त्यांत बसणारे प्रवासी सामान्य माणसेच होती. दाखला काढून घेतल्याने विमान थांबले तर निर्बंध सफल. न थांबले तर त्याच्या तपासणीवरील बाहेरची नजर तेवढी नाहीशी होते. जून 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने रशियाविषयी सुरक्षिततेचा गंभीर इशारा प्रसिद्ध केला तो याच कारणाने.

अशा वेळी या प्रदेशांतील रहिवाशांना कोणी विचारते काय? लंडनच्या पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही प्रतिनिधी नाही. 2018 च्या नव्या ब्रिटिश अधिनियमाखालीही बहुतेक सागरपार प्रदेशांना निर्बंध लागू होतात ते राजाज्ञेनेच. बर्म्यूडा आणि जिब्राल्टर ही दोन ठिकाणे मात्र आपल्याच विधिमंडळाच्या कायद्याने ते अमलात आणतात. परंतु निर्बंध कोणावर घालावयाचे हे ठरविणारे परराष्ट्र धोरण त्यांच्याही हाती नाही. ते लंडनकडेच आहे. विमानांच्या नोंदणीचे शुल्क हे बर्म्यूडाच्या उत्पन्नाचे एक साधन, आणि त्या पुस्तकातील रशियन पाने बंद झाल्याची तूट सोसावी लागली ती बर्म्यूडालाच.