फासे आणि गोष्ट – लेखांक ६ : सुरतेचा नकाशा

गेल्या आठवड्यात आपण गोष्ट नक्की केली. जानेवारी १६६४ चा पहिला आठवडा, गाव सुरत. शिवाजी महाराजांची फौज जवळच्या गणदेवीपर्यंत आल्याची बातमी गावात पोचली आहे आणि लोक बायकापोरांसह होड्यांत बसून गाव सोडू लागले आहेत. खेळाडू चार : व्यापारी वीरजी व्होरांच्या पेढीवरचा गुमास्ता, तापीवरचा नावाडी, इंग्रजांच्या वखारीवरचा पहारेकरी आणि वेश पालटून गावात राहिलेला महाराजांचा हेर. आता खेळ चालवणाऱ्याला, म्हणजे गेममास्टरला, नकाशा हवा.

नवखा गेममास्टर आधी देखणं सॉफ्टवेअर शोधतो. मी आधी एवढंच विचारेन की हा नकाशा पाहून खेळाडू काय ठरवणार आहेत? नावाड्याला नदी, घाट आणि पश्चिमेला समुद्राकडे सुमारे २० किलोमीटरवर असलेलं सुवाळी बंदर दिसलं पाहिजे, कारण मोठी जहाजं तिथंच उभी राहत. गुमास्त्याला पेढीपासून किल्ल्यापर्यंतची वाट हवी. पहारेकऱ्याला मात्र एका वखारीची दारं, जिने आणि गच्ची पुरते. हे सगळं एकाच नकाशात बसवायला गेलात तर फसाल.

का ते हिशेबानंच कळेल. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पद्धतीत लढाईच्या नकाशावरचा एक चौकोन ५ फुटांचा धरतात. एक किलोमीटर रुंदीचं गाव या मापात काढलं तर एका बाजूला साधारण ६५६ चौकोन होतात. चौकोनाला ७० पिक्सेल दिले तरी चित्राची एक बाजू जवळपास ४६ हजार पिक्सेलची होते. असलं चित्र घरच्या लॅपटॉपवर उघडतच नाही. म्हणून गावाचा नकाशा चौकोनांशिवाय काढायचा आणि जिथं झटापट होणार त्या दोन-तीन जागा तेवढ्या चौकोनांवर घ्यायच्या.

गावाचा नकाशा आपोआप काढून देणारी साधनं आहेत. वाताबू या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरचा ‘मीडीव्हल फँटसी सिटी जनरेटर’ ब्राउझरमध्ये उघडतो आणि क्षणात गाव उभं करतो. तो आधी कोऱ्या जागेवर ठिपके पसरतो. मग प्रत्येक ठिपक्याभोवती, इतर कोणत्याही ठिपक्यापेक्षा त्यालाच जवळची असलेली जमीन वेगळी काढतो. या विभागणीला गणितात व्होरोनॉय आकृती म्हणतात. मिळालेल्या तुकड्यांतल्या कुणाला बाजार, कुणाला किल्ला, कुणाला कारागिरांची वस्ती ठरवतो आणि प्रत्येक तुकडा कापत कापत घरांपर्यंत नेतो. ‘अझगार’चा नकाशा-जनरेटर हीच युक्ती अख्ख्या खंडासाठी वापरतो. त्यात समुद्र, नद्या, राज्यं, व्यापारी वाटा सगळं येतं, आणि तो मुक्त स्रोत आहे.

काल्पनिक गावासाठी ही साधनं मला फार आवडतात. पण त्यांच्या पोटात मध्ययुगीन युरोप आहे : मधोमध चौक, जवळ चर्च, भोवती बुरुजांचा तट. १६६४ च्या सुरतेला तसा तट नव्हताच. फ्रेंच प्रवासी थेवनो १६६६ साली आला, तेव्हाही जुन्या मातीच्या भिंती ढासळलेल्या होत्या आणि विटांचं काम नुकतंच हाती घेतलं होतं. फौज थेट गावात शिरू शकली त्यामागचं हे मोठं कारण. नकाशात चुकून तट राहिला तर गोष्टीचा कणाच मोडतो, कारण खेळाडू दरवाजा राखायला धावतील आणि राखण्याजोगा दरवाजा तिथं नाही.

त्यापेक्षा गिरवणं बरं. ओपनस्ट्रीटमॅपवरून आजच्या चौक बाजाराच्या आसपासचा भाग घ्या, ‘वंडरड्राफ्ट’ या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली ठेवा आणि त्यावरून तापीचं वळण गिरवा. नदीच्या डाव्या काठावर किल्ला. तो गुजरातच्या सुलतानाच्या खुदावंदखान या सरदारानं सोळाव्या शतकाच्या चाळिशीत, पोर्तुगीजांचे हल्ले थोपवायला बांधला. सुरतेतल्याच लिंबायत-उधन्यातल्या मराठी वाचकांना तर तो सहज पाहून येता येईल. काठावर उभं राहिलं की नदी आणि गाव या दोन्हींवर तोफा कशा रोखता येतात ते कळतं. बुऱ्हाणपूरकडच्या वेशीबाहेरच्या बागेत महाराजांची छावणी दाखवा. जयपूरच्या सवाई मानसिंग संग्रहालयात कापडावर रंगवलेला सुरतेचा जुना नकाशा आहे, पण तो १७३० च्या आसपासचा, तट उभे राहिल्यानंतरचा. ठिकाणांची मांडणी समजायला त्याचा उपयोग होतो, तो जसाच्या तसा गिरवू नका.

घरं काढताना छपरांकडे लक्ष द्या. विटांची पक्की घरं श्रीमंतांची, बाकी बहुतेक गाव लाकूड, बांबू आणि गवती छपरांचं. छाप्यात गावाचा मोठा भाग जळाला, तेव्हा गवती वस्ती वेगळ्या रंगात दाखवली की आग कुठून कुठं जाईल हे खेळाडू स्वतःच ताडू लागतात.

आता जवळचं दृश्य. मी इंग्रज वखार आणि तिच्या शेजारचं हाजी सैद बेग या व्यापाऱ्याचं घर निवडेन. सुरतेचा मुघल अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, पण इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन यानं वखार सोडली नाही आणि शेजारच्या घरात शिरलेल्यांनाही बाहेर काढलं. दोन इमारती, मधली बोळ, दोन गच्च्या : तीस बाय चाळीस चौकोनांत, म्हणजे १५० बाय २०० फुटांत, सारं बसतं. ‘डंजनड्राफ्ट’ या लढाईचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत ओढली की ती नुसती रंगाची रेघ राहत नाही. नकाशा योग्य स्वरूपात निर्यात केला की भिंती, दारं, दिवे यांची माहिती सोबत जाते आणि ‘फाउंड्री’ या पडद्यावर खेळ मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीआडचं खेळाडूला दिसेनासं होतं. दार उघडल्याखेरीज आतली खोली अंधारात राहते. खिडकीची रेघ अशी ठेवता येते की नजर जाईल, माणूस जाणार नाही. पहारेकरी गच्चीच्या कठड्यापाशी गेला की बोळ दिसते, मागं सरला की दिसत नाही. त्याची भीती आणि धीर त्या एका चौकोनावर ठरतो, आणि एवढ्यासाठी मी तासभर भिंती नीट जोडत बसायला तयार असतो. कोपऱ्यात जरा फट राहिली तर पलीकडचं सगळं उघडं पडतं.

किल्ल्यावरच्या तोफांचा मारा छापा घालणाऱ्यांपेक्षा गावालाच जास्त लागला. म्हणून गावाच्या नकाशावर किल्ल्याभोवती तोफेच्या टप्प्याचं वर्तुळ काढा आणि त्यात असलेल्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही बाजूचा असो, दर फेरीला फासा टाकायला लावा.

महाराजांची भूमिका मात्र कुणा खेळाडूला देऊ नका. छावणी नकाशावर असू द्या, हेराला तिथवर पोचू द्या, आणि महाराजांचा निर्णय इतिहासात आहे तोच राहू द्या. चार-पाच दिवसांनी, १० जानेवारीला, फौज परत फिरते. गोष्टीची वेळ त्यानं आपोआप आखली जाते.

गावाचा नकाशा ‘कॅम्पेन कार्टोग्राफर’मध्ये काढलात तर एक सोय आहे. हे १९९३ पासूनचं, अभियंत्यांच्या आरेखन-सॉफ्टवेअरवर उभं राहिलेलं साधन आहे. शिकायला जड, पण रेघ कधीही हलवता येते आणि थर हवा तेव्हा झाकता येतो. महाराज ऑक्टोबर १६७० मध्ये पुन्हा सुरतेवर आले तेव्हा औरंगजेबाच्या हुकमानं बांधलेला तट उभा होता. तो वेगळ्या थरावर काढून झाकून ठेवा. हेच खेळाडू सहा वर्षांनी मोठे होऊन परत आले की तो थर उघडायचा. नावाड्याच्या नेहमीच्या वाटा आता दरवाजांपाशी अडतात आणि पहारा चुकवून आत कसं शिरायचं हा हेरापुढचा पहिला प्रश्न होतो.

पुढच्या लेखांकात : नकाशा कागदावर छापून टेबलावर मांडताना माप कसं राखायचं.