शिबिराचा केक

उन्हाळ्याची सुटी लागली की बीदरकरांच्या घरी पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. खाली कलबुर्गीच्या काळ्या रानात वैशाखाचे ऊन अंगाची लाही लाही करीत असते, आणि आमचे गाव मात्र २,३०० फुटांवर, जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले. दिवेलागणीला वारा सुटतो आणि अंगणात बाजा पडतात. यंदाही मुलगा, सूनबाई आणि दोन्ही नातवंडे आली. सूनबाईचे माहेर कलबुर्गीचे, मातृभाषा कानडी. २०१७ साली बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाल्यापासून तिचे माहेर व सासर एका गाडीने जोडले गेले आहे. आधी चार दिवस तिकडे राहून मंडळी इकडे आली.

नात बारा वर्षांची. नुकतीच शाळेच्या गाईड पथकाबरोबर शिबिराला जाऊन आलेली. गळ्यातला स्कार्फ ती घरातही काढीना. धाकट्या भावाचा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. तिने जाहीर केले, “आजी, या वेळी केक विकत आणायचा नाही. आपण घरी करायचा, आणि तो शिबिराचा करायचा. तंबू, शेकोटी, सगळे काही!”

माझ्या स्वयंपाकघरात ओव्हन नाही. पण आमच्या पिढीतल्या किती तरी घरांत केक भाजला तो वाळूवरच. म्हणून तोच मार्ग धरला. दोन वाट्या बारीक रवा, वाटीभर पिठीसाखर, वाटीभर दही, अर्धी वाटी पातळ केलेले तूप आणि लागेल तसे वाटीभर दूध एकत्र कालवून अर्धा तास झाकून ठेवले. तोवर जाड बुडाच्या कढईत बोटभर स्वच्छ वाळू पसरून, तीत एक बसकी तिवई ठेवून, झाकण घालून ती दहा मिनिटे तापत ठेवली. वाळू एकदा तापली की उष्णता धरून ठेवते व भांड्याला सगळीकडून सारखी आच देते, हे तिचे मर्म.

रवा फुगल्यावर वेलदोड्याची पूड, चमचाभर बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातला. येथे नातवाने विचारले, “सोडा शेवटी का?” दह्यातल्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली की लगेच वायूचे बुडबुडे निघू लागतात. हेच बुडबुडे केक हलका करतात. मिश्रण तसेच ठेवून दिले तर ते भाजण्याआधीच निघून जातात आणि केक बसतो. म्हणून सोडा घातला की वेळ न दवडता मिश्रण तूप लावलेल्या डब्यात ओतावे आणि डबा तिवईवर ठेवावा. मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात. मध्येमध्ये झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळावा. शेवटी स्वच्छ काडी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली की केक झाला.

ही पाऊण तासाची फुरसत मिळताच मुले माझ्याभोवती बसली. “आजी, तुझ्या शिबिराची गोष्ट सांग ना! गुलबर्ग्याच्या मुलीने डाळ जाळली ती!”

ही गोष्ट आमच्या घरात पन्नास वर्षे चालत आलेली. मुलाने ती लहानपणी ऐकली, सूनबाईने लग्न होऊन आल्या आल्या ऐकली, नातवंडांना तर ती पाठच आहे. दर वेळी सगळे हसतात.

शिबिर १९६८ सालचे. आम्ही तेव्हा म्हैसूर राज्यात होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुराकडे आले. नातलग सीमेच्या दोन्ही बाजूंना, आणि वर्गात मराठी, कानडी, उर्दू बोलणाऱ्या मुली एकाच बाकावर, अशी आमची शाळा. आम्हां गाईड मुलींचा तळ बीदरपासून सुमारे दोन मैलांवर अष्टूरला, बहमनी सुलतानांच्या घुमटांजवळच्या झाडीत पडला होता. ज्या अहमदशहा वलीने पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली, त्याची कबर तेथेच आहे. त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानणारे लिंगायत भाविक आजही तेथे येतात, आणि उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या मादियाळचे जंगम येतात. हुमायूनशहाचा घुमट मात्र अर्धा ढासळलेला. वीज पडून तो दुभंगला, असे सांगतात.

१९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर पहिले शिबिर भरवले तेव्हा श्रीमंतांची व सामान्य घरांतली मुले मुद्दाम एका तुकडीत घातली होती. आमच्या बाईंनीही तसेच केले. सहा जणींच्या आमच्या तुकडीत भालकीची, औरादची, बीदरची उर्दू बोलणारी एक, आणि गुलबर्ग्याहून आलेली एक कानडी मुलगी. तिला मराठी जेमतेम समजे, बोलता मुळीच येत नसे. मला दोन्ही भाषा येत, म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुरीची डाळ शिजत होती. चुलीला लाकडे घालण्याचे काम तिचे, डाळीवर लक्ष ठेवण्याचे माझे. तेवढ्यात वळवाचे ढग भरून आले आणि विजा चमकू लागल्या. त्या उजेडात दुभंगलेला घुमट कसा दिसतो ते पाहायला मी पळाले. परत आले तेव्हा डाळ करपली होती आणि सगळ्या तुकडीचे जेवण गेले होते. बाई संतापल्या. ती मुलगी कानडीत काहीतरी सांगू लागली. बाईंनी मला विचारले, “काय म्हणते ही?”

ती म्हणत होती की लाकडे बेताचीच होती, पण पातेल्याजवळ कोणी नव्हते.

मी सांगितले, “बाई, ती म्हणते, लाकडे जास्त झाली.”

तिला बोलणी बसली. मी काय सांगितले हे तिला कळले की नाही, मला ठाऊक नाही. रात्री शेकोटीपाशी तिने घरून आणलेली शेंगाची पोळी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. ती मी खाल्ली. गाईडच्या नियमांत पहिलाच नियम विश्वासाचा आहे आणि तो मी त्याच सकाळी खड्या आवाजात म्हटला होता.

शिबिर संपले. पुढे तिची माझी भेट झाली नाही. ती डाळ मात्र मी घरोघर सांगत राहिले, आणि त्यात माझे नाव कधी आले नाही.

त्या दिवशीही मी नेहमीचीच गोष्ट सांगितली. केक उत्तम फुगला. तो निवल्यावर सजावट सुरू झाली. घट्ट चक्क्यात पिठीसाखर फेटून वर थापली. कोरड्या खोबऱ्याचा कीस खाण्याच्या हिरव्या रंगात चोळून त्याचे गवत केले. दोन चौकोनी बिस्किटे एकमेकींना टेकवून राहुटी उभी राहिली. शेंगदाण्याच्या चिक्कीच्या कांड्या झाल्या लाकडे, आणि टूटीफ्रूटीचे लाल तुकडे झाला जाळ. त्यावर नातवाने काळ्या मनुकेचे पातेले ठेवले. मग नातीने सोललेले सहा बदाम भोवती मांडले आणि एक उचलून अगदी जाळाशी ठेवला. “ही डाळ जाळणारी, गुलबर्ग्याची!”

मी सहज सूनबाईकडे पाहिले. ती हसत होती, पण ते हसू पाहुण्यांसमोर हसावे तसे होते. इतकी वर्षे हिने ही गोष्ट आपल्या गावाच्या नावाने ऐकून घेतली, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

मी मुलांना बसवले आणि खरे काय घडले ते सांगितले. डाळीचे, विजेचे, आणि बाईंना दिलेल्या उत्तराचेही. घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. नातू लहान, त्याने विचारले, “मग तू सॉरी म्हणालीस?” मी म्हटले, “नाही रे बाळा. म्हणायला हवे होते.”

सूनबाई मला तिच्या माहेरच्या रीतीने ‘अत्ते’ म्हणते. ती म्हणाली, “अत्ते, तिचे नाव काय होते?” मला नाव आठवेना. डाळ आठवली, घुमट आठवला, पोळीची चवसुद्धा आठवली, नाव नाही. याचे जितके वाईट वाटले तितके दुसऱ्या कशाचे वाटले नाही.

नातीने जाळाजवळचा बदाम उचलून इतर पाचांच्या ओळीत ठेवला. मग दुसरा एक घेऊन राहुटीपासून दूर, केकच्या अगदी कडेला लावला. “ही तू, आजी. घुमट बघायला गेलेली.” यावर सूनबाई पहिल्यांदा मोकळेपणाने हसली.

संध्याकाळी केक कापला. वाळूवर भाजल्यामुळे खालची बाजू थोडी कडक झाली होती, पण कोणी तक्रार केली नाही. मुले पुढच्या सुटीत अष्टूरला जायचे ठरवीत आहेत. तेथे ती गोष्ट पुन्हा सांगावी लागेल, आणि आता ती सुधारून सांगायची आहे. सूनबाईने शेंगाच्या पोळ्या करून न्यायचे कबूल केले आहे.