ओठ न मिटता रामायण

'राम' हे नाव ओठ न मिटता उच्चारता येत नाही. करून पाहा. दोन ओठांच्या मध्ये दातकाडी उभी धरा आणि म्हणा. 'रा' सहज निघतो, 'म'पाशी काडी बोचते. आता समजा, कुणी रामायण लिहायला बसला आणि ओठांचे एकही अक्षर वापरायचे नाही असा पण त्याने केला, तर त्याच्या हाती उरते काय? नायकाचे नावच गेले. लक्ष्मण, भरत, हनुमान गेले. व्याकरणाचा नियम कडक लावला तर उ, ऊ, ओ, औ हे स्वरही ओठांचेच, म्हणून कौसल्या गेली आणि 'घु'मुळे रघुनाथही गेला. 'व' म्हणताना खालचा ओठ दातांना लागतो, त्यामुळे रावणही वापरता येत नाही. उरतात सीता, जानकी, दशरथ, कैकेयी, लंका आणि रामासाठी एक सुंदर नाव: दाशरथी.

असा पण मोरोपंतांनी केला होता. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेले हे पराडकर पुढे बारामतीला आले. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते कऱ्हेकाठी राहिले, पुराण सांगत आणि लिहीत राहिले. १७९४ साली ते गेले. त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणे सांगतात. गोष्ट तीच, पण बंधन निराळे. त्यांतले एक निरोष्ठरामायण. दुसरे मंत्ररामायण, ज्यात 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरांच्या मंत्राची अक्षरे गुंफली आहेत. शाळेत आपल्याला पंत भेटतात ते अवघड समासांचे कवी म्हणून, आणि परीक्षा झाली की आपण त्यांना सोडून देतो. ही पंडिती कसरत आहे असे अनेकांनी म्हटले आहे. मला ते पटत नाही. रोज श्रोत्यांपुढे बसून कथा सांगणाऱ्या माणसाला कोणते अक्षर तोंडात कुठे उमटते याची जाण असणारच. तीच जाण त्यांनी पणाला लावली.

ही वाट त्यांच्या आधीची आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली हकिकत सांगतो. प्रियेच्या चुंबनांनी त्याचा ओठ दुखावला आहे, म्हणून सातव्या उच्छ्वासात तो ओष्ठ्य वर्ण टाळूनच बोलतो. बंधन कथेतूनच उगवलेले आहे. याहून देखणे कारण मी वाचलेले नाही.

इंग्रजीतही अक्षरांचे शोधक पुष्कळ आहेत. अमुक अक्षरे असलेला सर्वांत लांब शब्द कोणता, एकही अक्षर दोनदा न येणारा कोणता, असे ते शोधत असतात. 'अनकॉपीराइटेबल' या शब्दात पंधरा अक्षरे आहेत आणि त्यांतले एकही पुन्हा येत नाही. 'टाइपरायटर' हा दहा अक्षरांचा शब्द टंकयंत्राच्या वरच्या एकाच ओळीवर लिहिता येतो. पंचेचाळीस अक्षरांचा 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस' हा फुप्फुसात धूळ साठून होणाऱ्या रोगाचा शब्द १९३५ साली अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी केवळ लांबीसाठी घडवला, आणि तो कोशांत शिरला. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनी तर इंग्रजीत सर्वांत जास्त येणारे 'ई' हे अक्षर टाळून 'गॅड्स्बी' ही पन्नास हजारांहून अधिक शब्दांची कादंबरी लिहिली. ती १९३९ साली आली. फ्रेंचमध्ये जॉर्ज पेरेक यांनी १९६९ साली तसेच केले.

पण हे सारे शोध डोळ्यांचे आहेत. देवनागरीत लिहून पाहिले की लगेच कळते. 'फसीशस' या इंग्रजी शब्दाच्या लेखनात पाचही स्वर क्रमाने येतात, म्हणून तो कोड्यांत फार लाडका. आपल्या लिपीत उतरला की त्यात अ, ई आणि पुन्हा अ एवढेच उरते. 'रिदम्स'चे उलटे. इंग्रजीत त्यात पाच स्वरांपैकी एकही लिहीत नाहीत, पण देवनागरीत 'रि'मधला इ आणि 'द'मधला अ लपत नाहीत. 'क्यूइंग'मध्ये कागदावर सलग पाच स्वर आहेत, तोंडात दोनच. 'स्ट्रेंग्थ्स' मात्र दोन्हीकडे खरा ठरतो: नऊ अक्षरे, स्वर एक, लिहितानाही आणि म्हणतानाही. इंग्रजीचे अक्षर कागदावर बसते. आपले अक्षर कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ या ठिकाणी राहते, आणि मुळाक्षरे शिकताना मूल नकळत तोंडाचा नकाशा पाठ करते. मोरोपंतांचा पण म्हणूनच मला अधिक जवळचा वाटतो. तो न लिहिता, नुसता ऐकूनही तपासता येतो.

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात तर हा खेळ विशेष रंगतो. कुकडी, मीना, घोड या तिन्ही नद्यांना ओठ लागतात: पहिलीला 'कु'मुळे, दुसरीला 'मी'मुळे, तिसरीला 'घो'मुळे. जुन्नर, आंबेगाव, शिवनेरी, भीमाशंकर यांनाही. पण लेण्याद्री पूर्ण निरोष्ठ. हडसर निरोष्ठ. नाणेघाट निरोष्ठ, आणि तिथल्या ब्राह्मी लेखाशी जिचे नाव जोडलेले आहे ती सातवाहनांची राणी नागनिकाही. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असे सांगतात त्या रेड्याची समाधी आळ्याला आहे. 'रेडा' आणि 'आळे' दोन्ही निरोष्ठ आहेत. त्याच्या तोंडचा 'वेद' मात्र नाही.

आपले पेठ गाव पहिल्याच अक्षराला अडते. इथून पुण्याकडे निघालात तर खेड आणि चाकण ओठ न हलवता म्हणता येतात. नाशिककडे निघालात तर मंचरला ओठ मिटतात, कळंबला मिटतात, नारायणगावला दातांना लागतात. आळे आले की सुटतात, पण कंडक्टर 'आळेफाटा' म्हणतो आणि 'फ'ला ओठ पुन्हा जुळतात.