डे लिलीची पाने पिवळी का पडतात?

पावसाळा सरत आला, की बागेतल्या डे लिलीच्या बेटाकडे पाहून अनेक बागप्रेमींचा जीव हळहळतो. काही आठवड्यांपूर्वी हिरवीगार, कमानीसारखी झुकलेली पाने टोकाकडून पिवळी पडतात आणि तपकिरी होऊन मातीवर लोळू लागतात. झाड तहानले असावे, या समजुतीने पाणी वाढवले जाते. रोग असावा, या शंकेने हाताला लागेल ते औषध फवारले जाते. पुष्कळदा मूळ दुखण्यापेक्षा या घाईनेच झाड दगावते. म्हणून उपायाआधी कोणते पान पिवळे पडले आणि ते कुठून पिवळे होत गेले, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

डे लिलीचे शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस. ग्रीक भाषेत 'हेमेरा' म्हणजे दिवस आणि 'कॅलोस' म्हणजे सौंदर्य. तिचे प्रत्येक फूल साधारण एकच दिवस टिकते, म्हणून हे नाव. चीन, जपान, कोरिया हा तिचा मूळ प्रदेश. नावात लिली असली, तरी तिला कंद नसतो. जाडसर, गरदार मुळांत ती पाणी साठवते. त्यामुळे चार दिवसांची तहान तिला सोसते, पण मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही.

बहर संपल्यावर बाहेरच्या बाजूची जुनी पाने पिवळी पडणे हा निसर्गक्रम आहे. फुटव्याच्या मधोमध नवे पान हिरवे आणि ताठ असेल, तर काळजीचे कारण नसते. सुकलेली पाने हलक्या हाताने ओढून काढली, की बेट पुन्हा मोकळे होते.

मात्र मधली पानेही निस्तेज झाली, ओढताच बुडापासून सुटून आली आणि बुडखा मऊ लागून दुर्गंधी येऊ लागली, तर ती कूज समजावी. अशा वेळी पाणी तोडावे, बेट उकरून काढावे, कुजलेला भाग धारदार चाकूने कापून टाकावा आणि निरोगी फुटवे सावलीत सुकवून निचऱ्याच्या नव्या मातीत लावावेत. कुंडीच्या तळाचे छिद्र बुजलेले नाही ना, हेही तपासावे.

बुरशीजन्य रोगांत दोन प्रमुख आहेत. पहिल्यात पानाच्या मधल्या शिरेलगत टोकापासून खाली पिवळा पट्टा उतरतो, त्यात लालसर तपकिरी ठिपके दिसतात आणि पान करपत जाते. पाण्याच्या शिंतोड्यांतून हा रोग पसरतो. दुसरा तांबेरा. पानाच्या खालच्या बाजूवर पांढरा कागद घासला असता नारिंगी-पिवळी भुकटी लागली, तर तांबेऱ्याची दाट शंका घ्यावी. अमेरिकेत तो सन २००० मध्ये प्रथम आढळला आणि विक्रीच्या रोपांबरोबर अल्पावधीत अनेक राज्यांत पोचला. कडक थंडीत पाने मरतात, तेथे या बुरशीचा आधारही संपतो. जेथे पाने वर्षभर हिरवी राहतात, तेथे ती त्यांवर तग धरू शकते. म्हणूनच उष्ण प्रदेशात नवे रोप आणल्यावर ते काही आठवडे वेगळे ठेवणे शहाणपणाचे.

तांबेरा सहसा झाडाला मारत नाही, पण त्याची रया घालवतो. सारी रोगट पाने जमिनीलगत कापून पिशवीत बंद करून टाकावीत. कंपोस्टमध्ये घालू नयेत. सिकेटर स्पिरिटने पुसून घ्यावा. बुरशीनाशक फवारायचे असल्यास वेष्टनावरील प्रमाण पाळावे. ते नव्या पानांचे रक्षण करते, करपलेले पान हिरवे करीत नाही.

उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खालच्या बाजूस नाजूक जाळी दिसली, तर तो लाल कोळी होय. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो बराच आटोक्यात येतो. नवी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता संभवते. चुनखडीयुक्त जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या झाडांत हे लक्षण दिसू शकते. चिलेटेड लोह दिल्यास पुढची पाने हिरवी येतात.

या साऱ्यांवर मोठा उतारा आहे तो शिस्तीचा. दिवसातून सहा तास ऊन, सकाळच्या वेळी थेट मुळाशी पाणी, रात्री कोरडी राहणारी पाने आणि दर तीन-चार वर्षांनी दाट बेटाची विभागणी, एवढे सांभाळले तरी बहुतेक दुखणी दूर राहतात. एक पिवळे पान म्हणजे झाडाचा शेवट नव्हे. ते काय सांगते आहे, ते वेळीच वाचले, तर पुढच्या हंगामात त्याच बेटातून पुन्हा फुलांचे दांडे वर येतात.